गोठ्याजवळचा सूर
नाताळकाळात ऐकावे असे पाश्चात्त्य अभिजात संगीत

वाचन : लूककृत शुभवर्तमान २:८-२०



नाताळ जवळ आला की आपल्याकडे संगीताला तोटा नसतो. डिसेंबर उजाडताच दुकानांतून, मंडपांतून आणि मोबाईलवरून नाताळगीते वाजू लागतात. गायकवृंदाचा सराव रात्री उशिरापर्यंत चालतो. तरुण मंडळी कॅरल गात घरोघर फिरतात. मग २५ डिसेंबरची संध्याकाळ होते, पाहुणे परततात आणि एकाएकी सगळे शांत होते. २६ तारखेला कोणी नाताळगीत लावलेच, तर घरातले म्हणतात, "आता कशाला? नाताळ झाला ना!"

वास्तविक ख्रिस्तसभेच्या उपासना-वर्षाप्रमाणे नाताळ त्या दिवशी संपत नाही, तर सुरू होतो. २४ डिसेंबरच्या सायंकाळपासून प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळकाळ चालतो. आधीचे चार आठवडे हे आगमनकाळाचे, म्हणजे वाट पाहण्याचे. आपण मात्र वाट पाहण्याच्या दिवसांत सण साजरा करतो आणि सणाच्या दिवसांत गप्प बसतो.

या लेखात आपण युरोपातील काही थोर संगीतकारांच्या नाताळच्या रचनांची ओळख करून घेणार आहोत. "अभिजात संगीत आपल्याला काय कळणार?" असे म्हणून कोणी पान उलटू नये. या रचना समजायला संगीताची परीक्षा द्यावी लागत नाही. एक खूण ओळखता आली की पुरे. ती खूण म्हणजे मेंढपाळांचा सूर.

मेंढपाळांचा सूर कसा ओळखावा?

इटलीत रोमच्या पूर्वेला आब्रुत्सो नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथले मेंढपाळ थंडी वाढली की कळप घेऊन सखल भागात उतरत. आपल्याकडे घाटावरचे धनगर पावसाळ्यानंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात, तसाच हा प्रकार. नाताळाआधीच्या दिवसांत यांतले काही मेंढपाळ रोम आणि नेपल्स या शहरांत येत. रस्त्याच्या कोपऱ्यावर पवित्र मरियेची मूर्ती किंवा चित्र असे, त्यापुढे उभे राहून ते वाद्ये वाजवीत. बहुधा दोघे जोडीने असत. एकाकडे 'झांपोन्या', म्हणजे कातडी पिशवीत हवा भरून वाजवायचा बॅगपाइप. दुसऱ्याकडे आपल्या सनईच्या जातीचे एक वाद्य, त्याला 'पिफ्फेरो' म्हणत. लोक चार नाणी देत. बेथलेहेमच्या मेंढपाळांनी बाळ येशूपुढे असेच काही वाजवले असेल, अशी ऐकणाऱ्यांची भावना असे.

या वादनाच्या तीन खुणा आहेत. पहिली खूण म्हणजे त्याचा ठेका. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असा तो झुलत जातो. आपल्या दादरा तालाची सवय असलेल्या कानाला हा झुला लगेच ओळखू येईल. आई पाळण्याला झोका देते तेव्हा हात असाच चालतो. दुसरी खूण म्हणजे खाली सतत धरून ठेवलेला एक सूर. तंबोऱ्याचा किंवा सूरपेटीचा षड्ज जसा अखंड वाजत राहतो, तसा बॅगपाइपचा एक सूर हलतच नाही. वरची चाल कुठेही जावो, तो खाली थांबून असतो. तिसरी खूण म्हणजे चाल बहुतेक वेळा दोन सुरांनी जोडीने चालते, जशा दोघी बहिणी एकच गाणे थोड्या अंतराच्या पट्टीत गातात.

या धर्तीच्या रचनेला इटालियन भाषेत 'पास्तोराले' म्हणतात. पास्तोर म्हणजे मेंढपाळ. आपण 'पास्टर' हा शब्द धर्मगुरूंसाठी ऐकतो, तोही याच मुळातला.

कोरेली : कार्डिनलच्या आश्रयाने

आर्कांजेलो कोरेली हे रोममधील त्या काळचे सर्वांत नावाजलेले व्हायोलिनवादक. कार्डिनल पिएत्रो ओत्तोबोनी यांचा त्यांना आश्रय होता. कोरेली १७१३ च्या जानेवारीत वारले आणि १७१४ साली त्यांच्या बारा कॉन्चेर्तोंचा संग्रह अ‍ॅमस्टरडॅमला प्रसिद्ध झाला. त्यांतल्या आठव्या रचनेवर 'ख्रिस्तजन्माच्या रात्रीसाठी केलेली' अशा अर्थाची नोंद आहे. म्हणून तिला 'ख्रिसमस कॉन्चेर्तो' म्हणतात.

यात शब्द नाहीत, फक्त तंतुवाद्ये आहेत. दोन व्हायोलिने आणि एक चेलो यांचा लहान गट बोलतो आणि मोठा गट त्याला उत्तर देतो. सुरुवात गंभीर आहे, मधला काही भाग धावपळीचा आणि अस्वस्थ आहे. सारी रचना पंधरा-एक मिनिटांची आहे. शेवटी अस्वस्थता विरते, उदास स्वरमेळ उजळतो आणि झुलता ठेका सुरू होतो. खाली तो थांबलेला सूर ऐकू येतो. रस्त्यावरचा मेंढपाळ व्हायोलिनमधून वाजू लागतो.

या शेवटच्या भागावर कोरेलींनी 'हवा तर वाजवावा' अशा अर्थाची सूचना लिहिली आहे. म्हणजे इतर दिवशी तो गाळला तरी चालेल. रचना नाताळची होते ती या मेंढपाळांच्या सुरामुळेच.

ही रचना ऐकताना एक प्रश्न मात्र मनात येतो. मेंढपाळांचा सूर कार्डिनलच्या वाड्यात गेला. त्या मेंढपाळांना मात्र तो ऐकायला कोणी आत बोलावले असेल का? हा प्रश्न जवळ ठेवू या. पुढे तो पुन्हा लागेल.

हँडेल : दुरून येणारे देवदूत

जॉर्ज फ्रिडरिक हँडेल हा जर्मनीत जन्मलेला लुथरन तरुण विशी ओलांडल्यावर रोमला आला. १७०८ च्या ईस्टरला त्याची प्रभूच्या पुनरुत्थानावरची मोठी रचना तिथे सादर झाली, तेव्हा वाद्यवृंदाचे नेतृत्व कोरेलींनी केले होते. रोमच्या रस्त्यांवरचा तो सूर हँडेलच्या कानात राहिला असावा. कारण तेहेतीस वर्षांनंतर लंडनमध्ये 'मसाया' लिहिताना मेंढपाळांच्या प्रसंगाशी आल्यावर त्याने एक लहान वाद्यरचना घातली आणि तिच्यावर एकच शब्द लिहिला : 'पिफा'. पिफ्फेरो वाजवणाऱ्यांची ती आठवण.

'मसाया' ही रचना हँडेलने १७४१ साली २२ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर अशा चोवीस दिवसांत पुरी केली. शब्द चार्ल्स जेनेन्स यांनी पवित्र शास्त्रातून निवडले. तिचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात यशयाची भविष्यवाणी आणि ख्रिस्तजन्म, दुसऱ्यात दुःखसहन, पुनरुत्थान आणि सुवार्तेचा प्रसार, तिसऱ्यात आपले पुनरुत्थान. सारी रचना अडीच तासांच्या आसपास चालते. नाताळसाठी पहिला भाग पुरेसा आहे.

इथे गायकवृंदातील मंडळींसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाताळात आवडीने गायला जाणारा 'हालेलुया कोरस' मुळात नाताळचा नाहीच! तो दुसऱ्या भागाच्या शेवटी येतो आणि त्याचे शब्द प्रकटीकरण या पुस्तकातले आहेत. क्रूस आणि पुनरुत्थान यांच्या पलीकडे पोहोचलेल्या राजाचा तो जयघोष आहे. नाताळात तो गाऊ नये असे नाही. पण आपण काय गातो आहोत हे गाणाऱ्यांना माहीत असावे.

नाताळचा खरा क्षण पहिल्या भागात आहे. 'पिफा' संपते. मग एकटी सोप्रानो गायिका रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांची हकिगत सांगते. देवदूतांचा समुदाय प्रकटतो आणि 'गौरव' सुरू होते. या क्षणापर्यंत हँडेलने ट्रंपेट राखून ठेवले आहेत, ते इथे पहिल्यांदा वाजतात. आपण असतो तर म्हटले असते, "जोरात वाजवा!" हँडेलने लिहिले आहे, 'दुरून आणि जरा हळू.' देवदूत आकाशात आहेत आणि आपण मेंढपाळांबरोबर जमिनीवर उभे आहोत. शेवटी संगीत हळूहळू विरत जाते. देवदूत निघून जातात आणि माळरानावर पुन्हा रात्र उरते. लूकनेही तसेच सांगितले आहे. देवदूत गेल्यावर मेंढपाळ एकमेकांशी बोलतात आणि बेथलेहेमला निघतात (२:१५). ज्याला चालायचे आहे त्याला जाग आणण्यापुरतेच संगीत देवदूतांनी दिले.

आता मघाचा प्रश्न. 'मसाया'चा पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी आयर्लंडमध्ये डब्लिन शहरात झाला. गर्दी एवढी अपेक्षित होती की स्त्रियांनी घेरदार झगे आणि पुरुषांनी तलवारी घालून येऊ नये, अशी विनंती करण्यात आली. त्यामुळे जास्त माणसे मावली आणि जास्त पैसे जमले. ती रक्कम दोन रुग्णसेवी संस्था आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्या कैद्यांना मदत करणारी एक संस्था यांना सारखी वाटून देण्यात आली. त्यातून १४२ कैदी सुटले. सभागृहात जे बसू शकत नव्हते त्यांच्यापर्यंत ते संगीत अशा रीतीने पोहोचले. झग्याचा घेर थोडा कमी केल्याने कोणाच्या तरी घरचा कर्ता माणूस परत आला!

बाख : दोघांची गाठ

योहान सेबास्तियन बाख हे जर्मनीतील लाइपझिग शहराच्या लुथरन चर्चचे संगीतप्रमुख होते. तिथे एक शिस्त होती. आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारपासून चौथ्या रविवारपर्यंत चर्चमध्ये वाद्यवृंदासह मोठे संगीत वाजवले जात नसे. लोक साधी भक्तिगीते गात आणि वाट पाहत. मग २५ डिसेंबरच्या सकाळी नगारे आणि ट्रंपेट दुमदुमत. तीन आठवड्यांच्या शांततेनंतर तो पहिला ठोका लोकांच्या अंगावर कसा शहारा आणत असेल याची कल्पना करा. महिनाभर स्पीकर ऐकून कंटाळलेल्या आपल्या कानांना तो आनंद कसा मिळणार?

१७३४ च्या नाताळसाठी बाख यांनी सहा भागांचा 'ख्रिसमस ओरॅटोरिओ' तयार केला. सहा भाग सहा दिवसांसाठी होते : २५, २६ आणि २७ डिसेंबर, १ जानेवारी, २ जानेवारीचा रविवार आणि ६ जानेवारीचा प्रभूप्रकटीकरणाचा सण. म्हणजे नाताळ एका दिवसाचा नसतो, हे त्या रचनेच्या बांधणीतच आहे.

दुसऱ्या दिवसाचा भाग मेंढपाळांचा आहे. तो शब्दांशिवाय, केवळ वाद्यांनी सुरू होतो. तोच झुलता ठेका, तोच थांबलेला सूर. पण इथे वाद्यांचे दोन गट आहेत. एका गटात बासऱ्या आणि व्हायोलिने आहेत, ती हलकी आणि उंच वाजतात. दुसऱ्या गटात चार ओबो आहेत. ओबो हे सनईचेच युरोपीय भावंड, त्यांचा आवाज जाड आणि मातीचा. अल्बर्ट श्वाइट्झर हे डॉक्टर आणि धर्मपंडित बाखचे थोर अभ्यासक होते. पहिला गट देवदूतांचा आणि दुसरा मेंढपाळांचा, असा अर्थ त्यांनी लावला. हे ध्यानात ठेवून ऐका. आधी एक गट बोलतो, मग दुसरा. हळूहळू ते एकमेकांची चाल उचलतात आणि शेवटी दोघे मिळून वाजवतात. स्वर्ग आणि पृथ्वी यांची गाठ पडली, हे सांगायला बाख यांना एकही शब्द लागला नाही.

या भागाच्या शेवटी सगळे मिळून भक्तिगीत गातात. प्रत्येक ओळ संपली की मध्ये ओबो तोच मेंढपाळांचा सूर वाजवतात. म्हणजे आता त्या मेळ्यात मंडळीही सामील झाली.

आणखी एक गोष्ट चुकवू नये. पहिल्या भागात, 'प्रभू, तुझे स्वागत मी कसे करू?' या अर्थाचे पहिले भक्तिगीत येते. त्याची चाल आपल्या ओळखीची आहे. काटेरी मुकुट घातलेल्या येशूच्या मस्तकाविषयीच्या प्रायश्चित्तकाळातील प्रसिद्ध गीताचीच ती चाल! सहाव्या भागाच्या शेवटी, ट्रंपेटच्या जल्लोषात, पुन्हा तीच चाल येते. गव्हाणीचे लाकूड आणि क्रूसाचे लाकूड एकाच झाडाचे, असे आपण प्रवचनात ऐकतो. बाख यांनी ते सुरांतून सांगितले आहे.

शारपांतिए आणि बेर्लिओझ : घरातली गाणी, दारातले पाहुणे

आता फ्रान्सकडे वळू या. मार्क-आंत्वान शारपांतिए हे सतराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये येशूसंघीयांच्या चर्चसाठी संगीतरचना करीत. त्यांची 'नाताळची मध्यरात्रीची मिस्सा' प्रसिद्ध आहे. शब्द मिस्साविधीचे, लॅटिन. चाली मात्र त्या काळी लोक घरात आणि रस्त्यावर म्हणत त्या नाताळगीतांच्या. 'हे प्रभो, दया कर' ही प्रार्थना ज्या चालीवर सुरू होते, ती संत योसेफच्या लग्नाविषयीच्या एका लोकगीताची आहे. त्या रात्री चर्चमध्ये आलेल्या आजीबाईंना लॅटिन कळत नसेल, पण चाल ऐकून त्यांना वाटले असेल, "अरे, हे तर आमचेच गाणे!" मोठ्या वेदीपाशी आपल्या घरचा सूर ऐकू यावा, याहून मोठा मान कोणता?

दुसरे एक्तोर बेर्लिओझ. प्रचंड वाद्यवृंद आणि मोठ्या आवाजासाठी ते ओळखले जात. १८५० साली एका संध्याकाळी मित्र पत्ते खेळत होते आणि हे कंटाळून बसले होते. एका मित्राने आपल्या वहीत काहीतरी लिहून द्यायला सांगितले. त्यांनी एक साधी, जुन्या वळणाची चाल लिहिली. तिला मेंढपाळांचे शब्द सुचले आणि इजिप्तला निघालेल्या पवित्र कुटुंबाला मेंढपाळ निरोप देतात असे समूहगीत तयार झाले. बेर्लिओझ यांनी ते सतराव्या शतकातील 'पिएर द्युक्रे' नावाच्या संगीतकाराचे म्हणून सादर केले. असा संगीतकार कधी नव्हताच! लोक फसले आणि गीत आवडले. पुढे त्याभोवती 'ख्रिस्ताचे बालपण' ही मोठी रचना उभी राहिली आणि डिसेंबर १८५४ मध्ये पॅरिसला सादर झाली.

तिच्या शेवटच्या भागात मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन इजिप्तमधील साइस या शहरात पोहोचतात. भुकेले आहेत, थकले आहेत. ते दारे ठोठावतात. रोमी लोक हाकलतात, इजिप्ती लोकही हाकलतात. शेवटी एक परधर्मी सुतार दार उघडतो. तो इश्माएलच्या वंशातला आहे. तो त्यांना पाणी देतो, जेवू घालतो आणि मग त्यांचा शीण जावा म्हणून घरातली मुले दोन बासऱ्या आणि हार्प वाजवतात. हा प्रसंग पवित्र शास्त्रात नाही, बेर्लिओझ यांच्या कल्पनेतला आहे. पण पवित्र कुटुंबाच्या सणाला घरातल्या सर्वांनी मिळून तो ऐकावा. मत्तयकृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आठवत ऐकला, तर आजचे निर्वासित, कामासाठी गाव सोडून आलेले, भाड्याची खोली शोधत फिरणारे आपल्या डोळ्यांपुढे येतील.

एक गिटार आणि दोन आवाज

शेवटी ज्याला कोणी अभिजात संगीत म्हणत नाही, पण ज्यात हाच सूर आहे, असे एक गीत. ऑस्ट्रियात साल्झबर्गजवळ ओबर्नडॉर्फ गावात २४ डिसेंबर १८१८ रोजी फादर योझेफ मोर यांनी आपली दोन वर्षांपूर्वी लिहिलेली कविता फ्रान्झ झेवर ग्रूबर यांच्याकडे दिली. ग्रूबर शेजारच्या गावी शिक्षक होते आणि या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. त्यांनी त्याच दिवशी चाल बांधली आणि रात्री दोघांनी गिटारवर ते गीत गायिले. तेच आपले 'सायलेंट नाइट'. उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट मागाहून रचलेली आहे. तिला आधार सापडत नाही.

त्याचा ठेका मोजून पाहा : एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आब्रुत्सोच्या मेंढपाळांचाच झुला! कार्डिनलच्या आश्रयाखालून, लंडनच्या संगीतकाराच्या लेखणीतून, लाइपझिगच्या चर्चमधून फिरत तो सूर पुन्हा एका लहान गावात, एका गिटारवर आला. फादर मोर हे एका सैनिकाचे अनौरस अपत्य. गरिबीत वाढले आणि १८४८ साली गरिबीतच वारले. गाणे मात्र जगभर गेले.

हे संगीत आपल्याला काय सांगते?

या संगीतकारांना राजांसाठी कसे लिहावे हे चांगले ठाऊक होते. बाख यांनी आपल्या ओरॅटोरिओचा दुमदुमणारा पहिला कोरस मुळात राजघराण्यातील वाढदिवसासाठीच रचला होता. पण गव्हाणीजवळ आल्यावर यांतल्या प्रत्येकाने गरिबाचा सूर मागून घेतला. देवपुत्र जिथे जन्मतो तिथे आवाज खाली आणावा लागतो, हे त्यांच्या कानांना कळले होते.

लूक सांगतो की ती बातमी प्रथम मिळाली ती रात्री राखण करणाऱ्यांना. आज आपल्याकडे रात्री राखण कोण करतो? इमारतीच्या फाटकावरचा वॉचमन. आपण नवे कपडे घालून रात्रीच्या मिस्सेला निघतो तेव्हा तो खुर्चीवर मफलर गुंडाळून बसलेला असतो. बहुधा दूरच्या गावाहून आलेला. मेंढपाळांचा सूर आपल्याला गोड वाटतो. पण मेंढपाळ आपल्या नजरेस पडतो का? या नाताळात गव्हाणीसमोर ही रचना लावायची असेल, तर आधी त्याच्यासाठी करंज्यांची बशी आणि चहा खाली गेला पाहिजे. तो कोणत्याही धर्माचा असो. त्याचे नाव विचारावे. नाहीतर तो सूर आपल्याही वाड्यात येईल आणि मेंढपाळ बाहेरच राहील.

नाताळकाळातील श्रवण

या सर्व रचना यूट्यूबवर ऐकता येतात. नाव देवनागरीत किंवा इंग्रजीत तरुण मुलांना शोधायला सांगावे. शक्यतो मोबाईल खाली ठेवून, दिवे मंद करून, आधी शास्त्रवाचन करून ऐकावे. हे संगीत घरी ऐकण्यासाठी आहे. मिस्सेत रेकॉर्ड लावू नये, तिथे आपण स्वतः गावे.

* आगमनकाळाचे शेवटचे दिवस : रोज संध्याकाळी थोडा वेळ स्पीकर बंद ठेवावा. एखाद्या दिवशी 'मसाया'ची सुरुवात ऐकावी. वाचन : यशया ४०:१-५.
* २४ डिसेंबर : शारपांतिए यांची मध्यरात्रीची मिस्सा, निदान तिची सुरुवात.
* २५ डिसेंबर : पाहुणे गेल्यावर कोरेली यांच्या 'ख्रिसमस कॉन्चेर्तो'चा शेवटचा भाग, नंतर हँडेलची 'पिफा' आणि 'गौरव'. वाचन : लूक २:८-१४.
* २६ डिसेंबर : बाख, ख्रिसमस ओरॅटोरिओ, भाग दुसरा. सुमारे अर्धा तास. वाचन : लूक २:१५-२०.
* पवित्र कुटुंबाचा सण : बेर्लिओझ, 'मेंढपाळांचा निरोप' आणि साइस येथील प्रसंग. वाचन : मत्तय २:१३-१५.
* १ जानेवारी, देवमाता मरियेचा सोहळा : बाख, भाग चौथा. बाळाचे नाव येशू ठेवले जाते. वाचन : लूक २:२१.
* प्रभूप्रकटीकरणाचा सण : बाख, भाग सहावा. शेवटच्या गीतात क्रूसाची चाल ओळखून पाहावी. वाचन : मत्तय २:१-१२.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या घरात आगमनकाळ आणि नाताळकाळ यांत काही फरक जाणवतो का? तो जाणवावा म्हणून एक कोणती गोष्ट बदलता येईल?
२. आपल्या लहानपणी आजी-आजोबा कोणती नाताळगीते गात? ती आपल्या मुलांना येतात का?
३. आपल्या वस्तीत रात्री राखण करणारे कोण आहेत? त्यांच्यापैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

प्रार्थना

हे बाळ येशू, तू आलास तेव्हा राजवाड्यात नगारे वाजले नाहीत. माळावरच्या माणसांनी तुझे गाणे प्रथम ऐकले. आमच्या घरातला गोंगाट थोडा कमी कर, म्हणजे आम्हालाही ते ऐकू येईल. आणि ऐकून झाल्यावर मेंढपाळांसारखे उठून चालू लागण्याचे बळ आम्हाला दे. आमेन.